उरलेल्या गोळ्या

कंपाउंडरचं नाव रेक्टरबाई वर पाठवणार होत्या. ते एकदा वर गेलं की तिच्या पदरात काय काय पडणार होतं, ते आधी मांडून घेऊ. सहायक रेक्टरची जागा. त्या जागेबरोबर वसतिगृहाच्या तळमजल्यावरची खोली, जिचं दार आतून लावता येतं आणि जिच्यात कुणी "अगं, जरा सरक" म्हणत नाही. संशोधन संपेपर्यंत ती खोली तिची. आणि सगळ्यात मोठी प्राप्ती म्हणजे घरी परत न जाणं. भावाचं लग्न झाल्यापासून घरात तिच्या वाट्याला शिलाई मशीन आणि कपाट यांच्यामधली चिंचोळी जागा आली होती. वहिनी वाईट नव्हती, पण सकाळी उठून मशीनवर बसली की नणंदेच्या उशाशीच बसायची. माणसानं किती वर्षं त्या खडखडाटात झोपायचं?

एवढं मिळवण्यासाठी करायचं होतं थोडंच. आपण सांभाळतो त्या मजल्यावर सगळं ठीक आहे असं रेक्टरबाईंना वाटत राहायला हवं होतं. बाईंची 'ठीक'ची कल्पना सोपी होती. ज्या मजल्यावरची पोरगी विद्यापीठाच्या दवाखान्यात जात नाही, तो मजला ठीक. बाकीच्या मजल्यांवरच्या मुली पोट दुखलं, घसा बसला, झोप लागत नाही अशा तक्रारी घेऊन दवाखान्याचा उंबरठा झिजवत. कंपाउंडरच्या मजल्यावरून कुणी जात नसे.

"तुझ्या पोरी काय लोखंडाच्या आहेत का गं?" बाई कौतुकानं विचारायच्या.

लोखंडाच्या नव्हत्या. त्यांच्याकडे पेटी होती.

पेटी म्हणजे बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. मजल्याचा रिवाज असा की बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या पेटीत टाकायच्या. पाच दिवसांचं औषध दोन दिवस घेऊन ताप उतरला, की उरलेलं फुकट का घालवायचं? दुसरीला होईल. शेवटच्या वर्षाच्या मुली जाताना बादली, हँगर आणि आपल्या उरलेल्या गोळ्या मागे ठेवून जायच्या. ही काटकसर इतकी सज्जन होती की तिच्यात काही वावगं असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही.

या पेटीची किल्ली कंपाउंडरकडे. हे नाव तिला मुलींनीच दिलं होतं. तिचा विषय भूगोल. पण दुखणं ऐकून "हं" म्हणायची तिची एक पद्धत होती, आणि त्या 'हं'नंच निम्मं दुखणं पळायचं. गोळ्यांच्या पट्ट्या डब्यात मावेनात, शिवाय एखादी पोरगी अख्खी पट्टीच लांबवायची, म्हणून तिनं एक शक्कल काढली होती. कात्रीनं पट्टी कापून एकेक गोळी सुटी करायची. एका गोळीपुरता चौकोन उरला की त्यावर औषधाच्या नावातली दोनतीन अक्षरं राहायची, कधी तीही नाही. पण नाव हवंय कुणाला? डब्यात कागदाचे कप्पे होते आणि कप्प्यांना मजल्यावरची नावं होती. तापाची. सर्दीची. अंगदुखीची. 'त्या' दिवसांची. डोकं चढल्यावरची. आणि 'परीक्षेची', जी खाल्ली की झोप येत नाही, अभ्यास होतो, आणि पेपर संपल्यावर दोन दिवस रडू येतं.

दवाखाना मुली का टाळत, हेही सांगायला हवं. तिथं गर्दी होती हे झालं वरवरचं कारण. खरं कारण असं की तापाची मुलगी आली की डॉक्टरीणबाई तिला आजाऱ्यांच्या खोलीत ठेवून घ्यायच्या आणि ताप जाईपर्यंत परीक्षेला सोडायच्या नाहीत. एकीचा ताप वर्गभर पसरू नये, हा नियम शहाणपणाचा होता. पण ज्या नियमानं आजारी माणूस डॉक्टरकडे जायचाच थांबतो, त्या नियमाच्या शहाणपणाचं काय करायचं?

आता बारकी. बारकी कंपाउंडरची मावसबहीण, पहिल्या वर्षाला. तिला फी माफ होती, आणि माफी टिकायची तर एकही पेपर चुकवून चालणार नव्हतं. पेपर चुकला की माफी गेली, माफी गेली की शिक्षण गेलं, आणि मग आईशेजारी धुलाईघरात. तिची आई, म्हणजे कंपाउंडरची मावशी, एका मोठ्या लॉजच्या धुलाईघरात कामाला होती. ओल्या चादरींचे गठ्ठे यंत्रातून काढायचे, उचलून दोरीवर टाकायचे, वाळल्या की इस्त्री. नवरा नव्हता. लेकीला वसतिगृहावर सोडायला आली तेव्हा खोली बघून म्हणाली होती, "बरी आहे गं. खिडकीला पडदा नाही, पण बरी आहे." आणि मग भाचीचा हात धरून, "तू आहेस म्हणून सोडतेय हिला. नाहीतर हिला आंघोळीचं पाणी गरम आहे की गार, तेही सांगावं लागतं."

"मावशी, काही काळजी करू नकोस. माझ्या मजल्यावर कुणी आजारी पडत नाही."

परीक्षेच्या आदल्या दिवशी बारकीला ताप आला.

साधासुधा ताप होता. अंग मोडून आलेलं, नाक गळतंय, डोकं जड. ती येऊन ताईच्या पलंगावर बसली आणि म्हणाली, "ताई, मला दवाखान्यात नको नेऊस हं."

"मी कशाला नेऊ? वेडी आहेस का?"

"पेपर सहा आहेत गं."

"माहितीय. जीभ काढ."

जीभ बघून कंपाउंडर "हं" म्हणाली आणि पेटी उघडली. तापासाठी तापाची दिली. नाक गळतंय म्हणून सर्दीची. अंग मोडून आलंय म्हणून अंगदुखीची. तीन तक्रारी, तीन गोळ्या. याहून चोख न्याय कुठला?

शेजारच्या खोलीतली बडबडी दारात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "तिन्ही एकदम? घोड्याला देतेस की पोरीला?"

"वेगवेगळ्या दुखण्याच्या आहेत. एकमेकींच्या वाटेत येत नाहीत."

"पोटात गेल्यावर त्यांना कुणी वाटा दाखवल्यात?"

"तू तुझ्या पेपरचं बघ. मागच्या वेळी परीक्षेची खाऊन तू प्रश्नपत्रिकेवरच उत्तर लिहून आली होतीस."

बडबडी हसली, बारकी हसली, आणि गोळ्या पोटात गेल्या. गुणही आला. ताप उतरला, बारकी पेपर देऊन आली आणि म्हणाली, "ताई, तू खरंच डॉक्टर हो." संध्याकाळी ताप पुन्हा चढला. पुन्हा तिन्ही गोळ्या. रोजचं हेच झालं. ताप चढला की तिन्ही, उतरला की अभ्यास. पुढं पुढं ताप चढायची वाटही न बघता, 'चढू नये म्हणून'. डोकं फारच ठणकलं की चौथी, डोकं चढल्यावरची. बारकी आधीच चिमणीएवढं खाणारी. तापात तेवढंही खाईना. कोरडा पाव चहात बुडवून दोन घास, की झालं. पेटीचा कप्पा रिकामा झाला तेव्हा मजल्यावरच्या मुलींनी आपापल्या कपाटातल्या गोळ्या काढून दिल्या. एका पोरीचे पेपर तडीस न्यायला सगळा मजला उभा राहिला होता. चांगुलपणा कमी पडला असता, तर बरं झालं असतं.

चौथ्या पेपरला बारकीला उलटी झाली. ती म्हणाली, "ताणानं." कंपाउंडरनं उलटीची गोळी दिली. पाचव्याला उजव्या बरगडीखाली दुखू लागलं. ती म्हणाली, "बाकावर वाकून बसून." कंपाउंडरनं अंगदुखीची दिली. सहाव्या पेपरला बारकी पूर्ण वेळ बसली, उत्तरपत्रिका दिली, बाहेर आली आणि व्हरांड्यात भिंतीला टेकून जी खाली बसली ती उठेचना. पर्यवेक्षकांनी रेक्टरबाईंना फोन केला. अशा तऱ्हेनं कंपाउंडरच्या मजल्यावरची मुलगी पहिल्यांदा दवाखान्यात पोचली, दोघींनी धरून, आणि मागून रेक्टरबाई.

डॉक्टरीणबाईंनी पोट दाबलं, जीभ पाहिली, आणि विचारलं, "किती दिवस झाले?"

"पाचसहा," कंपाउंडर म्हणाली. बारकी डोळे मिटून पडली होती.

"औषध काय घेतलं?"

इथं थांबून बघायला हवं. खोलीत चौघीजणी होत्या. एक टेबलावर पडलेली. एक उत्तराची वाट बघणारी. एक दाराशी उभी, हातात पर्स, चेहऱ्यावर 'माझ्या वसतिगृहात हे काय' असा प्रश्न. आणि तिच्या ऑफिसातल्या टेबलावर सहायक रेक्टरच्या शिफारशीचा कागद सहीला पडलेला. चौथी कंपाउंडर. तिनं खरं सांगितलं असतं, तर एका वाक्यात पेटी, कात्री, कप्पे, मजल्याचा लोखंडीपणा आणि तळमजल्यावरची खोली, सगळं त्या टेबलावर येऊन पडलं असतं.

"तापाची गोळी," ती म्हणाली. "एकदोनदा घेतली असेल."

"एकदोनदाच?"

"हो. ती गोळ्या घ्यायला कंटाळतेच."

डॉक्टरीणबाईंनी रेक्टरबाईंकडे पाहिलं. रेक्टरबाई म्हणाल्या, "ही मुलगी फार जबाबदार आहे. हिची बहीणच आहे ती." मग डॉक्टरीणबाईंनी पोटात काही टिकत नाही म्हणून सलाईन लावलं आणि पोरीला आजाऱ्यांच्या खोलीत ठेवून घेतलं. समोरच्या माणसानं सांगितलेल्या दुखण्यावरच डॉक्टर औषध देणार. न सांगितलेल्यावर कुठून देणार?

कंपाउंडर जायला निघाली तेव्हा बारकीनं डोळे उघडले. "ताई, त्या चौथ्या गोळीचं सांगितलंस?"

"तू झोप. पेपर झाले ना सगळे?"

"झाले." आणि ती हसली. "प्रॅक्टिकल तेवढं राहिलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपाउंडर डब्यात पाव आणि सूप घेऊन गेली, तर बारकी भिंतीकडे तोंड करून बडबडत होती. कुणाला तरी सांगत होती की चादरी आत घ्या, पाऊस येईल. कंपाउंडरनं तिचं तोंड आपल्याकडे वळवलं. डोळ्यांतलं पांढरं सगळं पिवळं झालं होतं.

मग रुग्णवाहिका, मोठं इस्पितळ, लांबलचक कॉरिडॉर, ढकलगाडीचं कुरकुरणारं चाक. रेक्टरबाई कागदपत्रं करायला खिडकीवर गेल्या. तेव्हा एक शिकाऊ डॉक्टर पोरगा, डोळे चुरचुरत असावेत असा, कंपाउंडरजवळ येऊन म्हणाला, "तुम्ही नातेवाईक? हे बघा, मला ओरडायला वेळ नाही, तर लपवू नका. काय काय खाल्लंय हिनं?"

आणि रेक्टरबाई दूर खिडकीवर असल्यामुळे कंपाउंडरनं सांगितलं. कप्प्यांच्या नावांनी सांगितलं, कारण दुसरी नावं तिला माहीतच नव्हती. तापाची, सर्दीची, अंगदुखीची, डोकं चढल्यावरची.

"औषधांची नावं?"

तिच्या पर्समध्ये काही सुटे चौकोन होते. त्यानं ते हातावर घेतले, उलटेपालटे केले, उरलेली अक्षरं जुळवली, फोनवर काहीतरी बघितलं.

"या चार गोळ्या नाहीत," तो म्हणाला. "चारींत एकच औषध आहे. पॅरासिटामॉल. तापाच्या गोळीत तेच, सर्दीच्या गोळीत तेच आणि वर सर्दीचं थोडं, अंगदुखीच्या गोळीत तेच आणि वर दुखण्याचं थोडं. हिनं एकच गोळी चार नावांनी खाल्ली. दिवसातून किती वेळा?"

तिनं सांगितलं.

"आणि जेवण?"

"जेवत नव्हती."

"काल दवाखान्यात हे सांगितलं होतं?"

"काल... काल मी घाबरले होते."

तो पोरगा ओरडला नाही. खरंच वेळ नसावा. जाता जाता एवढंच म्हणाला, "यावर उतारा आहे. आत्ताच सुरू करतो. जितक्या लवकर मिळतो तितका चांगला. काल मिळाला असता तर कदाचित इथवर आलंच नसतं."

त्या बोलण्यातला 'कदाचित' तेवढा कंपाउंडरनं उचलला. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. तिला एक शब्द पुरला. कदाचित म्हणजे खात्री नाही. खात्री नाही म्हणजे आपलं काही सिद्ध होत नाही. त्या दिवशी कॉरिडॉरमधल्या बाकावर बसून तिनं हे गणित इतक्या वेळा केलं की शेवटी उत्तर आपल्या बाजूनं आलं.

मावशी आली ती कामावरून तशीच. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हात पाण्यानं पांढरे पडलेले. भाचीच्या गळ्यात पडून आधी रडली, मग डोळे पुसून म्हणाली, "काय म्हणतात?"

"लिव्हर खराब झालंय म्हणतात. औषध चालू आहे."

"पण कशानं? ती तर चहाशिवाय काही घेत नाही गं!"

"गोळ्या जास्त झाल्या. पेपर होते ना, तापात गेली पेपरला."

"बाई गं! कुणी दिल्या एवढ्या गोळ्या?"

कंपाउंडर म्हणाली, "तिथं सगळ्याच घेतात, मावशी."

हे उत्तर खोटं नव्हतं. खऱ्याच्या पोटात खोटं असं नीट घडी घालून ठेवलं की इस्त्रीवाल्या बाईलाही सुरकुती दिसत नाही.

उतारा चालू राहिला, पण लिव्हर काही ऐकेना. बारकी कधी शुद्धीवर असे, कधी चादरी मोजत असे. मोठ्या डॉक्टरांनी मावशीला खुर्चीवर बसवून सांगितलं की आता दुसऱ्या कुणाच्या लिव्हरचा तुकडा बसवावा लागेल. घरातलं कुणी देऊ शकलं तर वेळ वाचेल. जिवंत माणसाचं लिव्हर पुन्हा वाढतं, पण ऑपरेशन मोठं आहे, धोका देणाऱ्यालाही आहे.

मावशीनं विचारलं, "माझं चालेल?"

"तपासावं लागेल. तुम्ही विचार करा, घरच्यांशी बोला."

"घरचे म्हणजे मीच," मावशी म्हणाली. "तपासा."

कंपाउंडर शेजारीच उभी होती. तिनं तोंड उघडलं. "मावशी, माझंही तपासू दे" असं ती म्हणणार होती, म्हणजे निदान तिला तसं वाटलं. पण तेवढ्यात मावशीच तिचा हात थोपटून म्हणाली, "तू नाही हं. तुझं अजून सगळं व्हायचंय." आणि कंपाउंडरनं उघडलेलं तोंड मिटलं.

मावशीचं जुळलं. ऑपरेशन झालं. दोघी वाचल्या.

बारकी बोलू लागली तेव्हा कंपाउंडरला मास्क घालून आत सोडलं. पोरगी उशीएवढीच उरली होती. थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं. बडबडीनं निरोप पाठवला होता की प्रश्नपत्रिकेवर उत्तर लिहायची पाळी यंदा आली नाही, त्यावर बारकी हसायला गेली आणि टाके ओढल्यासारखं तोंड करून थांबली. मग म्हणाली, "ताई, डॉक्टर विचारत होते गोळ्या कुणी दिल्या म्हणून."

"मग?"

"म्हटलं, मीच घेतल्या. डब्यातून. कुणाला न विचारता." ती छताकडे बघत होती. "तुझी खोली जायची नाहीतर."

कंपाउंडरनं चादरीची कड सरळ केली.

"तू त्या दिवशी दवाखान्यात सांगितलं होतंस ना सगळं? मला नीट आठवत नाही."

"सांगितलं होतं."

"लगेच?"

"लगेच," कंपाउंडर म्हणाली.

"मग नशीबच," बारकी म्हणाली आणि तिनं डोळे मिटले.

आता कुणाच्या पदरात काय पडलं ते पाहू. वसतिगृहाच्या पदरात एक सूचना पडली. 'औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत,' असा कागद जिन्याच्या भिंतीवर चिकटवला, आणि पेटी रेक्टरबाईंनी स्वतःच्या हातानं रिकामी केली. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं, असं चौकशीत निघालं. त्यांनी कधी विचारलंच नव्हतं, हे चौकशीत विचारलं गेलं नाही. कंपाउंडरला तळमजल्यावरची खोली मिळाली. शिफारशीत वाक्य होतं, 'आजारी विद्यार्थिनीची रात्रंदिवस शुश्रूषा केली.' तिची झोप गेली म्हणतात, पण खोलीत दुसरं कुणी नसल्यामुळे त्याला साक्षीदार नाही. बारकी सहाही पेपर पास झाली. मात्र प्रॅक्टिकल न दिल्यामुळे वर्ष धरलं गेलं नाही, आणि फीची माफी गेली. नवं लिव्हर अंगानं नाकारू नये म्हणून तिला आता जन्मभर गोळ्या आहेत, रोज, ठरल्या वेळी, डॉक्टरांनी नाव लिहून दिलेल्या. आणि मावशी. तिच्या पोटावर या टोकापासून त्या टोकापर्यंत व्रण आहे. बरेच महिने जड उचलायचं नाही असं सांगितलं होतं, आणि धुलाईघरात जड उचलण्याखेरीज काम नसतं, म्हणून तिच्या जागी लॉजनं दुसरी बाई घेतली. लिव्हर दिलं तिनं, नोकरी दिली तिनं, लेकीचं शिक्षण सोडलं तेही तिनंच. आणि भाची मागच्या वेळी भेटायला आली तेव्हा तिचे दोन्ही हात हातांत घेऊन, "तू होतीस म्हणून माझी पोर वाचली गं," असे वर आभारही तिनंच मानले.